आयव्ही, टू, थ्री, फोर

टॅम्सिननं गिटार, ऑर्गन आणि गाणं बंद केलं आणि फक्त ड्रमची ध्वनिपट्टी चालू ठेवली. आधी थोडी खरखर झाली. मग एका पुरुषाचा घसा बसलेला, शांत आवाज आला, "आयव्ही, टू, थ्री, फोर." त्यामागून ड्रम सुरू झाले.

बेरिल ट्रँटर स्टुडिओतल्या सोफ्यावर बसली होती. तिनं हातातला चहाचा मग वाकून जमिनीवर ठेवला.

"हे बाबा आहेत," ती म्हणाली.

तिचा नवरा क्लाइव्ह मिक्सिंगच्या टेबलाशी उभा होता. बोटांनी मांडीवर ताल धरलेला होता, तो चालूच राहिला. "कोण बाबा?"

"माझे. वन न म्हणता आईचं नाव घ्यायचे. नाचघरात प्रत्येक गाण्याच्या आधी. आयव्ही, टू, थ्री, फोर."

बोटं थांबली. ड्रम मात्र वाजत राहिले.

मी तिथं आमच्या सायंदैनिकासाठी गेलो होतो. शनिवारी टाउन हॉलमध्ये 'ग्लास हेरन'चा कार्यक्रम होता. बँडमधली जिवंत असलेली तीन माणसं पुन्हा एकत्र वाजवणार होती आणि 'लॅव्हेंडर एंजिन' या त्यांच्या गाण्याची सदुसष्ट सालची तबकडी नव्यानं निघणार होती. नव्या वेष्टनावर क्लाइव्हचा फोटो सगळ्यांत मोठा होता, कारण तो बँडचा ड्रमर, आणि त्या गाण्याच्या मध्यावर ड्रमचा आठ आवर्तनांचा एक तुकडा आहे. बँड दोन वर्षांत मोडला. नंतर क्लाइव्हनं मोटारी विकल्या, शाळांमधून ड्रम शिकवले. पण तो तुकडा टिकला. इतरांनी तो उचलून आपापल्या गाण्यांत घातला आणि जपानहून पोरं त्याच्या काठ्यांवर सही घ्यायला कॉव्हेंट्रीला आली. क्लाइव्हची कारकीर्द म्हणजे ती आठ आवर्तनं. हे तो स्वतःच हसत सांगायचा.

तो तुकडा वाजवला त्या दिवसाची गोष्टही तो सांगायचा. मीच ती तीनदा छापली आहे. लंडनचा स्टुडिओ, एलएसडी टाकलेला साखरेचा एक खडा जिभेवर, आणि मग झांजेतून जांभळा रंग निघाला, भिंतीवर चढला. आपण वाजवत नव्हतो, रंगच वाजवत होता.

"दुसऱ्या कुठल्या गाण्याची पट्टी असेल," क्लाइव्ह म्हणाला.

"नाही," टॅम्सिन म्हणाली. ती तिशीतली ध्वनितंत्रज्ञ, कमी बोलणारी. "ही तीच आहे. यावरच गाणं चढवलंय. ऐका."

तिनं तुकडा पुन्हा लावला. त्यात चूक काढायला जागा नव्हती. क्लाइव्ह मान पुढं करून ऐकत होता. लोक दुसऱ्या खोलीतलं भांडण ऐकतात, तसा.

"डावा हात," तो म्हणाला.

"काय झालं डाव्या हाताला?" मी विचारलं.

तो खुर्चीत बसला. सत्तरी केव्हाच ओलांडलेला माणूस, पण तोवर मला तो म्हातारा वाटला नव्हता.

"तबकडी आली तेव्हा मला तो तुकडा वाजवता येईना. मला वाटलं, नशेत वाजवला, शुद्धीवर येणार कसा? मग तबकडी लावून लावून शिकलो. बेरिलच्या घरामागं गॅरेज होतं, तिथं. एकदा मिस्टर पिम दारात येऊन उभे राहिले."

हॉरेस पिम म्हणजे बेरिलचे वडील. आयुष्यभर नाचघरात ड्रम वाजवलेला, टाय लावल्याशिवाय काठ्यांना हात न लावणारा माणूस. जावई होऊनही क्लाइव्ह त्यांना मिस्टर पिमच म्हणायचा, ते जाईपर्यंत.

"माझ्या वाजवण्याला ते पत्रा ठोकणं म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, 'उजव्यानं काय धावतोस, पोरा. डावा आधी येतो. डाव्याला पुढं जाऊ दे.' तसं केलं आणि जमलं. त्या संध्याकाळी मी बेरिलला म्हटलं, तुझ्या वडिलांना शेवटी माझं काहीतरी आवडलं."

बेरिलनं जमिनीवरचा मग बाजूला सरकवला.

"त्यांना कसं माहीत होतं, डावा आधी येतो ते?" क्लाइव्हनं विचारलं. कोणाला विचारलं, ते कळलं नाही.

मग त्यानं फोन काढला आणि डेन्झिलला लावला. डेन्झिल बँडचा गायक, आता कॉर्नवॉलमध्ये बकऱ्या पाळतो. क्लाइव्हला ऐकायला कमी येतं, म्हणून फोन नेहमीच मोठ्या आवाजावर असतो. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"डेन्झ, 'लॅव्हेंडर एंजिन'वर ड्रम कोणी वाजवले?"

"आता हे काय नवीन? हॉरेसनी."

क्लाइव्हनं फोन तोंडाशी धरला.

"आणि मी कुठं होतो?"

"पियानोखाली. शूज उशाला घेऊन. अरे, निर्माता पिसाळला होता, स्टुडिओची वेळ संपत आली होती. तेवढ्यात हॉरेस तुला घरी न्यायला आले. कोट काढला, घडी घालून ठेवला, दोनदा ऐकलं आणि वाजवलं. मग तुला उचलून गाडीत घातलं. शेवटच्या ठोक्याला तू पियानोखालून 'जांभळा' म्हणालास, आम्ही हसून मेलो."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

तिकडं एक बकरी ओरडली.

"तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"देवा. क्लाइव्ह, आम्हाला वाटलं तुला माहीत आहे. तू स्वतः कधी विषय काढला नाहीस, मग आम्ही कसा काढणार? बरं दिसलं नसतं. तू मुलाखतीत ते रंगाचं सांगायचास तेव्हा मी म्हणायचो, काय सफाईनं सांगतो लेकाचा."

"पन्नास वर्षं?"

"सवय झाली रे."

क्लाइव्हनं फोन टेबलावर पालथा ठेवला. टॅम्सिननं पाणी आणलं, ते त्यानं नुसतं हातात धरलं.

"मीच पाठवलं होतं बाबांना," बेरिल म्हणाली. "ते त्या दिवशी लंडनला कामाला होते. म्हटलं, येताना क्लाइव्हला आणा, त्याची तब्येत बरी दिसत नाही. घरी आले, जेवले. मी विचारलं, कसा होता? म्हणाले, 'झोपला होता. सीटवर ओकला नाही, एवढं बरं.' बस, एवढंच."

"पैसे घेऊन वाजवायचं आणि कुठं बोलायचं नाही, ही त्या जुन्या वादकांची रीतच होती," क्लाइव्ह म्हणाला. "मी विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी. मी कधी विचारलं नाही." हातातला ग्लास फिरवत तो म्हणाला, "पण गॅरेजच्या दारात तरी. तेव्हा तरी म्हणायचं."

मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तू हे लिहिणार."

"हो," मी म्हटलं. "तुम्ही नको म्हणालात तरी मला संपादकांना सांगावं लागेल."

"शनिवारच्या आधी?"

"उद्याच्या अंकात."

त्यानं मान हलवली, जणू मी रस्त्याचं वळण सांगितलं होतं. टॅम्सिन घसा खाकरून म्हणाली, "सुरुवातीचं मोजणं आम्ही एरवी कापतोच. ते कापलं तर तबकडीवर काही कळणार नाही. पेपरात काय यायचं ते येईल, पण पुरावा राहणार नाही. कराराप्रमाणे निर्णय तुमचा आहे, क्लाइव्ह."

पण बोलली ती बेरिल, आणि तिनं क्लाइव्हकडं पाहिलंही नाही.

"टॅम्सिन, ते पुन्हा लावतेस? ड्रम नकोत. फक्त आधीचं."

टॅम्सिननं लावलं. आयव्ही, टू, थ्री, फोर. ड्रम यायच्या आत तिनं बटण दाबलं.

"आमच्याकडे त्यांचा आवाज नाही," बेरिल म्हणाली. "फोटो आहेत. आवाज कुठंच नाही. पुन्हा."

पुन्हा लावलं. ती डोळे मिटून ऐकत होती. चौथ्या खेपेला तिचे ओठ हलले, नावापुरते.

क्लाइव्ह बायकोकडं बघत होता. त्या खोलीत आपलं काय गेलं, हे त्याला नीट कळलं होतं आणि तिला काय मिळालं, तेही. त्यानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"कापू नकोस," तो टॅम्सिनला म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "नाव नीट लिही. हॉरेस एडविन पिम. मिस्टर लाव."

"आणि शनिवारी?" मी विचारलं.

"शनिवारी काय, वाजवीन. शिकवलाय त्यांनीच." टेबलावरच्या काठ्या घ्यायला त्यानं हात पुढं केला. हात काठ्यांवर पोचला आणि तिथंच थांबला. तो हाताकडं बघत राहिला. डावाच आधी पुढं गेला होता.