लाल दोऱ्याचा वेल

निरीक्षकसाहेब नोकरीतून निवृत्त झाले, पण वजनमापांचे खाते काही त्यांच्या अंगातून निवृत्त झाले नाही. पूर्वी ते दुकानाच्या पायरीवर दिसले की दुकानदाराला घाम फुटायचा. आता तो काकडीच्या वेलांना फुटत असावा, कारण साहेब रोज सकाळी खिशात छोटा तराजू घेऊन त्यांच्यापुढे उभे राहत.

पाण्याच्या टाकीमागची पडीक जमीन पालिकेने फार पूर्वी आखून लोकांना भाजीपाल्यासाठी वाटून दिली होती. ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेल्या जमिनीला तिथे 'तुकडा' म्हणत. साहेबांचा तुकडा मूळचा त्यांच्या वडिलांचा. वडील तिथे एक काकडी लावत. आखूड, पोटाशी सुटलेली, जरा वाकडीच. दिसायला बेताची, पण खाणारा दुसरी मागितल्याशिवाय राहत नसे. शेवटच्या आजारपणात त्यांनी बियांची बरणी मुलाच्या हातात दिली आणि म्हणाले, "हिला सांभाळ." कशी सांभाळायची ते सांगायचे राहून गेले. साहेबांना ते विचारायचे सुचले नाही. सांभाळणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको, असे त्यांना मनापासून वाटत होते.

त्यांची पद्धत चोख होती. सगळ्यात सरळ, भरदार आणि वजनदार काकड्या ज्या वेलाला लागतील, त्याच्या बुंध्याला ते लाल दोरा बांधत. तो बियाण्याचा वेल. त्या क्षणापासून त्याच्या फळाला कोणी हात लावायचा नाही. बायकोने नाही, पाहुण्याने नाही, खुद्द साहेबांनीही नाही. काकड्या वेलावरच पिवळ्याधमक होऊन पिकत. मग साहेब त्यांचा गर काढून पाण्यात ठेवत, तरंगणाऱ्या पोकळ बिया फेकून देत आणि तळाला बसलेल्या जड बिया धुऊन ताटलीत वाळवत. पुढच्या हंगामात त्याच पेरायच्या. आता त्यांच्या काकड्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ येत, आणि वाटेने जाणारे लोक कुंपणापाशी थांबून बघत.

मादी फुलांना साहेब पातळ कापडाच्या पिशव्या बांधत आणि आपल्याच नर फुलाचा पराग आपल्या हाताने लावत. हा सगळा बंदोबस्त शेजारच्या तुकड्याविरुद्ध होता.

शेजारचा तुकडा दातांच्या डॉक्टरांचा. त्यांनी दवाखान्यातली जुनी, रोग्याला आडवे करण्याची खुर्ची आणून झाडाखाली टाकली होती. तीत पाय पसरून ते रविवारभर काही ना काही चावत बसत. तुकड्यात तण गुडघ्याइतके. वेल कुंपणावर, खुर्चीवर, जमेल तिथे चढलेले.

"डॉक्टर, वेलांना आधार तरी द्या," साहेब म्हणत.

"दिलाय की. खुर्चीचा."

"आणि बी कुठल्या काकडीचं धरता?"

"जी खायची राहते तिचं."

"अहो, ही काय पद्धत झाली?"

"चावल्याशिवाय मला काही कळत नाही, साहेब. धंदाच तसा पडला."

तुकडा साहेबांकडे आल्यावर पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी वडिलांच्या बरणीतले चिमूटभर बी मागितले होते. साहेबांनी तोंडावर नाही म्हणून सांगितले. जो माणूस स्वतःचे तण काढत नाही, त्याच्या हाती बापाचे बियाणे द्यायचे म्हणजे दुधाची राखण मांजराकडे सोपवण्यातला प्रकार, असे ते घरी येऊन बायकोला म्हणाले. बायको काकडी चिरत होती.

जेवताना ताटात रोज काकडी असे. साहेब पहिला काप तोंडात टाकून डोळे मिटत. "ही खरी चव," ते म्हणत. "राखली म्हणून राहिली. नाहीतर त्या डॉक्टरसारख्यांनी केव्हाच वाट लावली असती."

"घ्या अजून दोन काप," बायको म्हणे.

यंदा तुकडेवाल्यांनी सामाईक शेडमध्ये बियाण्यांचे कपाट करायचे ठरवले. इथे पहिल्यापासून लावली जाणारी वाणे काचेच्या बरण्यांत ठेवायची. बरणीवर ज्याने वाण आणले त्याचे नाव आणि खाली ज्याने ते राखले त्याचे. साहेबांना त्या खालच्या ओळीची भूक होती. लोक त्यांना घाबरले होते, त्यांनी पकडले म्हणून दंड भरून गेले होते. पण अमुक एक चांगली गोष्ट यांच्यामुळे टिकली, असे आजवर कुठेही लिहिले गेले नव्हते. बापाच्या नावाखाली आपले नाव, एवढेच त्यांना हवे होते.

कपाटाचे नियम करायचे काम अर्थातच त्यांच्याकडे आले. त्यात एक कलम असे होते की मूळ वाणाची चव माहीत असलेल्या माणसाने ती काकडी, भाजी, जे असेल ते चाखून 'हेच ते' असे सांगितले पाहिजे. आणि राखणाऱ्याने स्वतःच स्वतःचा साक्षीदार व्हायचे नाही. कलम उत्तम होते. फक्त वडिलांच्या हातची काकडी खाल्लेले माणूस साहेबांखेरीज एकच उरले होते. त्यांची थोरली बहीण, अक्का.

लहानपणी या तुकड्याला पाणी अक्काने घातले होते. तेव्हा साहेबांना मुळ्याचे पान आणि गाजराचे पान यांतला फरक कळत नव्हता. तरी तुकडा मुलाला मिळाला. अक्का त्याबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही, आणि आपण बोललो नाही याची आठवण मात्र प्रत्येक भेटीत करून द्यायला विसरली नाही.

ठरल्या रविवारी अक्का आली. कपाटाच्या अध्यक्षबाई, म्हणजे ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या आणि अजूनही हळू आवाजातच बोलणाऱ्या बाई, बरणी आणि कोरे लेबल घेऊन आल्या. डॉक्टर आपल्या खुर्चीत होते. त्यांना कोणी बोलावले नव्हते, पण कुंपण कमरेइतकेच होते.

"वहिनी, काप आणताय ना?" अध्यक्षबाईंनी विचारले.

साहेबांची बायको शेडच्या मागून बशी घेऊन आली. अक्काने एक काप उचलला, तोंडात टाकला आणि चावता चावता थांबली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हीच," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "अरे, हीच रे. बाबा सदऱ्याला पुसून द्यायचे, ती ही."

साहेबांनी घसा साफ केला. त्यांना काहीतरी मोठे बोलायचे होते. अध्यक्षबाईंनी पेनाचे टोपण काढले. डॉक्टर आभाळाकडे बघत होते, आणि आभाळात तर काहीच नव्हते.

"पण काप कसले करता?" अक्का म्हणाली. "ही अशी खायची असते होय?" आणि कोणाला काही कळायच्या आत ती वेलांत शिरली. सगळ्यात देखणा वेल तिच्या नजरेत भरला. बुंध्याशी पिवळ्या काकड्या आणि शेंड्याला एक कोवळी, हिरवी, सरळसोट.

"अक्का, तो नको! तो बियाण्याचा!" साहेब ओरडले.

"बापाच्या वेलाची एक काकडी खायची मला चोरी आहे का?" अक्काने ती कचकन तोडली, पदराला पुसली आणि मोठा घास घेतला.

मग ती वळली आणि वाफ्याच्या कडेला थुंकली.

"हे काय विष लावलंयस?"

"ऊन फार होतं या वर्षी," साहेब म्हणाले. "पाण्याचा ताण बसला की जरा—"

"जरा? घे. तूच घे."

साहेबांनी ती हातात घेतली. सवयीने ती आधी तळहातावर तोलली. वजन झकास होते. मग चावली. कडूपणा जिभेवरून घशात गेला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला. कितीतरी वर्षांत त्यांनी लाल दोऱ्याच्या वेलाची काकडी तोंडात घातली नव्हती. त्यांनी शेजारच्या वेलाची तोडली, तीही कडू. त्याच्या पलीकडची, तीही.

त्यांनी बशीतला एक काप खाल्ला. गोड.

दाखवायचा नमुना एक आणि पोत्यातला माल दुसरा, हा गुन्हा साहेबांनी जन्मभर पकडला होता. तो डोळे मिटून ओळखता येत असे. चोर कोण, तेवढेच ठरवायचे होते, आणि तेही त्यांच्या मते ठरलेलेच होते.

"डॉक्टर!" ते कुंपणाकडे वळले. "तुमचा पराग! तुमच्या त्या रानटी वेलांचा पराग शिरला माझ्यात!"

"तुमच्यात नाही शिरला, साहेब. वेलात म्हणा."

"चेष्टा नकोय!"

"त्यांना बोलू नका," बायको म्हणाली. ती बशी हातात घेऊनच उभी होती. "बशीतली काकडी त्यांचीच आहे."

अध्यक्षबाईंनी पेनाला टोपण लावले.

"आज त्यांची आणलीस?" साहेबांनी विचारले.

"आज नाही. रोजच आणते."

"रोज?"

"तुम्ही सरळ सरळ काकड्या निवडायला लागलात, त्यानंतर हळूहळू कडवट यायला लागल्या. आधी मी देठाकडचं टोक जास्त कापायचे. मग साल जाड काढायला लागले. शेवटी काढून काढून ताटात वाढायला काही राहीचना. मग कुंपणावरून घ्यायला लागले."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात, वजनात तर भरतायत."

साहेबांना ते आठवले. अगदी कुठल्या खुर्चीत बसून म्हटले तेही आठवले.

"आणि आपल्या? आपल्या काकड्या जातात कुठे?"

बायकोने डॉक्टरांच्या तुकड्याच्या कोपऱ्याकडे पाहिले. तिथे खताचा खड्डा होता. त्याच्या कडेचे वेल सगळ्यात तरारलेले होते.

"म्हणूनच मी म्हणतो," डॉक्टर म्हणाले, "साहेबांचे माझ्यावर उपकार आहेत."

"पण त्यांची काकडी बाबांची कशी?" अक्काने विचारले. "चव तर तीच आहे. मी शपथेवर सांगते."

"बाबांच्या बरणीतलंच बी आहे," बायको म्हणाली. "पहिल्या वर्षी यांनी नाही म्हटलं ना, मला कसंतरीच वाटलं. शेजारी माणूस चिमूटभर बी मागतो आणि आपण नाही म्हणायचं. पुडी करून दिली मी."

एवढे झाल्यावर साहेब खाली बसले. बसायला उलटी बादली होती, तिच्यावर.

"तुम्ही केलंत तरी काय, डॉक्टर?" त्यांनी विचारले. आवाजात आता खाते नव्हते.

"मी काय करणार? पहिली काकडी आली की प्रत्येक वेलाची एकेक खातो. कडू निघाली की तो वेल उपटून टाकतो, चिडून. गोड निघाली की खात सुटतो. खाऊन संपत नाहीत त्या पिकतात. राखलं वगैरे म्हणू नका हो, मी नुसतं खाल्लं."

अक्का अचानक हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मग बायकोने तिला बशीतला काप दिला.

"अरे, बाबा तरी दुसरं काय करायचे?" ती म्हणाली. "प्रत्येक वेलाची पहिली काकडी तोडून मला द्यायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. माझं तोंड वाकडं झालं की वेल उपटला. तुला नाही माहीत?"

"नाही."

"तू शाळेत असायचास. मी पाणी घालायला असायचे." तिने पदराने डोळे पुसले. "म्हणजे बघ, बाबांनी तुकडा तुला दिला, आणि जिभेचा तराजू माझ्याबरोबर सासरी पाठवून दिला."

आयुष्यभर न बोललेले ते वाक्य असे बोलून झाले. ते ऐकायला जितके भयंकर वाटेल अशी साहेबांची कल्पना होती, तितके वाटले नाही. तोंडातल्या कडूपणामुळे तसे झाले का, हे त्यांना ठरवता आले नाही.

अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "वडिलांचं नाव तर लागेलच. खालच्या ओळीत कोणाचं लिहायचं?"

बायको बशीतले काप नीट लावत होती. डॉक्टर पुन्हा आभाळ बघत होते. साहेबांना एक क्षण वाटले की कोणीतरी आपले नाव सुचवेल, निदान इतक्या वर्षांच्या मेहनतीसाठी, आणि आपण ते नाकारू. कोणीच सुचवले नाही.

"डॉक्टरांचं लिहा," ते म्हणाले. "आणि हिचं. जे खरं आहे ते लिहा."

"माझं कशाला?" बायको म्हणाली. "मी फक्त ताट वाढलं."

"लिहा तुम्ही," साहेब अध्यक्षबाईंना म्हणाले. मग उठून बियाण्याच्या वेलापाशी गेले. लाल दोऱ्याची गाठ पक्की होती. ती सोडवायला त्यांना वेळ लागला. दोरा त्यांनी खिशात ठेवला आणि वेल मुळासकट उपटला. तो इतका सरळ, इतका देखणा होता की तो खड्ड्यात टाकायला कुंपणापलीकडे नेताना त्यांच्या मागे अध्यक्षबाईंनीही एक उसासा टाकला.

घरी निघताना ते बायकोला म्हणाले, "झालं ते झालं. पण यापुढे घरात फसवाफसवी नको. ताटात जे असेल ते खरं असलं पाहिजे."

"बरं," ती म्हणाली.

रात्री जेवायला बसले. अक्का समोर होती. ताटात काकडीचे काप होते, पातळ, गोल, एकसारखे. साहेबांनी एक उचलला आणि सवयीने डोळे मिटले. मग उघडले.

"ही कुठली?"

"आपली," बायको म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना?"

अक्काने आपले ताट पाहिले. तिच्या ताटातले काप जाड, वाकडे होते, आणि ती ते आवडीने खात होती. बायकोच्या ताटातही तसलेच.

साहेबांनी काप तोंडात घातला आणि शेवटपर्यंत चावला. मग दुसरा. मग तिसरा.

"मीठ देऊ?" बायकोने विचारले.

"नको," साहेब म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "दे."