रत्नम्माचे तळहात

मी रत्नम्माच्या तळहातातलं जनुक बोलतोय. डोळ्यांना दिसणार नाही इतका लहान आहे मी, पण माझ्याच सांगण्यावरून तिच्या कातडीत केराटिन नावाचं प्रथिन घडायचं. त्याच्या धाग्यांवर कातडी तग धरते. केस, नखं माझे भाऊबंद सांभाळतात. माझ्याकडे फक्त तळहात आणि तळपाय.

माझ्यात एक अक्षर चुकलंय. तिच्या वडिलांकडून, गुरुपादप्पांकडून, मी चुकीसकटच तिच्यात आलो. माझे धागे कच्चे निघतात, मग कातडी थरावर थर चढवत जाते. रत्नम्माचे तळहात पिवळट, चामड्यासारखे जाड होते. उन्हाळ्यात भेगा पडत, रक्त येई. तिची तीन वर्षांची लेक मल्लम्मा, तिच्यातही मी होतोच.

बहात्तरच्या दुष्काळात शिरूर अनंतपाळजवळ पाझर तलावाचं काम निघालं. रत्नम्मा नवऱ्याबरोबर, मन्मथबरोबर, तिथं माती वाहू लागली. हाताला चिंध्या बांधून वाहायची. एका दुपारी पाणी पिताना चिंधी सुटली आणि शेजारच्या भामाबाईनं तळहात पाहिला.

"अगं बाई! हिला महारोग हाय!"

बायका मागं सरकल्या. मुकादम दगडोबा धावत आला. माणूस वाईट नव्हता, पण चारशे मजूर एकाच टाकीतलं पाणी पीत होते.

"उद्या डागदर येनार हाय. त्याचं लिहून आण, मंग कामावर ये. पोरीलाबी इथं आणू नको."

त्या संध्याकाळी सासूनं मल्लम्माचं ताट वेगळं मांडलं. रत्नम्मा जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तंबूत तरुण डॉक्टरनं तिला डोळे मिटायला सांगितले. तळहातावर कापूस फिरवला. ती गप्प. सुई टेकवली. तरी गप्प.

"काही कळतंय?"

"न्हाई."

महारोगात कातडी बधिर होते. डॉक्टरनं कागद पुढं ओढला. मन्मथनं मान खाली घातली. आणि मी? मध्ये माझाच थर होता. सुई खालच्या जिवंत कातडीपर्यंत पोचतच नव्हती. हे ओरडून सांगायला मला तोंड नव्हतं.

रत्नम्मानं डोळे उघडले.

"डागदरसाब, वरून टोचून काय कळणार? वहाणंवर टोचल्यावानी हाय ते. भेगंत टोचा."

तिनं पंजा ताणला. भेग उघडली, लाल झाली. डॉक्टर वाकला. मग सुईचं टोक आत लागलं आणि ती अशी किंचाळली की बाहेरची कुजबुज बंद पडली. डोळ्यांत पाणी असतानाच तिनं हात पालथा केला. "आता हितं." डोळे मिटले. कापूस जिथं जिथं टेकला, तिथं तिथं तिनं बरोबर बोट ठेवलं.

डॉक्टरनं कोपराजवळची नस चाचपली, कानाच्या पाळ्या पाहिल्या; महारोगातली सूज कुठंच नव्हती. "घरात आणखी कुणाला?"

"बापाला व्हतं. पोरीला हाय."

"याची लागण होत नाही. रक्तातून येतं," म्हणत त्यानं तसं लिहून दिलं. दगडोबानं ते साऱ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. सासूनं ताट पुन्हा जवळ घेतलं. भामाबाई मात्र महिनाभर रत्नम्माच्या आधी पाणी पिऊन घ्यायची.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. तेरा वर्षांच्या मल्लम्माला घेऊन रत्नम्मा लातूरला कातडीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सांगितलं, होणाऱ्या प्रत्येक लेकरात हे येण्याची शक्यता निम्मी.

परतताना मल्लम्मानं विचारलं, "मंग मी लगीन करायचं का न्हाई, अव्वा?"

"मी केलं न्हाई का? तुला जल्म दिल्याचा मला पस्तावा न्हाई. पण लपवू नको. आधी हात दाखव. उठून जाणाऱ्याला जाऊ दे."

पुढं दोन स्थळं उठून गेली. तिसरा उदगीरचा सिद्धेश्वर, किराणा दुकानदार. त्यानं मल्लम्माचा तळहात उजेडाकडं धरला, अंगठ्यानं भेगेची कड चाचपली आणि विचारलं, "लई दुखतंय का?"

मल्लम्मा म्हणाली, "हाव."

आता रत्नम्मा नाही, तिच्यातला मी तिच्याबरोबर मातीत गेलो. मल्लम्माच्या थोरल्यात मी नाही. धाकटीत आहे. माझी चूक मला दुरुस्त करता येत नाही. तुम्हाला कधी असा तळहात दिसला, तर मागं सरकण्याआधी सिद्धेश्वरानं विचारलं तेवढं विचारा.