काळी दोनचा हट्ट

सकाळकाकांचा घसा बसला. आधीही तो कधी बसला नव्हता असं नाही, पण बसल्या घशाला दामटून उभं करायची त्यांची रीत ठरलेली होती: कोमट पाणी, ज्येष्ठमधाची काडी आणि स्टुडिओत शिरेपर्यंत तोंडाला कुलूप. या खेपेला कुलूप काढलं तर आत काही शिल्लकच नव्हतं. आरशासमोर उभं राहून त्यांनी “नमस्कार” म्हणून पाहिलं. फाटक्या भात्यातून निघावी तशी नुसती हवा निघाली.

सकाळकाका हे नाव श्रोत्यांनी दिलेलं. शहरातल्या छोट्या रेडिओ केंद्राचा दिवस त्यांच्या आवाजाने सुरू होई. आधी चार ओळींचं गाणं, ‘दार उघडा, दिवस उभा दारात’. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. मग नमस्कार, हवामान, वाढदिवस, हरवले-सापडले आणि श्रोत्यांचे फोन. गाणं रोज नव्याने गायचं, ध्वनिमुद्रण लावायचं नाही, हा त्यांचा नोकरीला लागल्यापासूनचा नेम. “लोकांना शिळं वाढू नये,” असं ते म्हणत. निवृत्तीचं वय उलटलं तरी केंद्राने त्यांना करारावर ठेवून घेतलं होतं. त्यांच्याशिवाय सकाळ कशी उजाडवायची हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी केंद्रावरच्या इंजिनिअरबाईंना फोन लावला. काचेपलीकडे बसून त्यांचा आवाज बाहेर पाठवण्याचं काम या बाई केस काळे होते तेव्हापासून करत होत्या.

“काका, तुम्ही बोलताय की नळाला हवा आलीय?”

“सुट्टी,” काका कसेबसे म्हणाले.

“झोपा गपचूप. हवामान मी वाचते.”

“गाणं?”

“गाण्याचं बघते मी,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

घर सकाळच्या वेळी कसं असतं हे काकांना नीटसं माहीत नव्हतं. आयुष्यभर या वेळेला ते स्टुडिओत. मुलगा परदेशी, त्याचा फोन रविवारी. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. ती होती तोवर स्वयंपाकघरातल्या फळीवरचा रेडिओ तिच्या ताब्यात असे आणि काकांनी घरात पाऊल टाकल्याबरोबर, चपला काढायच्या आत, निकाल लागे. “तिसऱ्या ओळीत धाप लागली तुम्हाला.” किंवा, “आज वर पोचलात खरे, पण जिना चढल्यासारखे. जरा खालून गा की. कोणी पदक काढून घेणार आहे का तुमचं?” काका चिडत. काळी दोन ही त्यांची पट्टी. पेटीवरच्या त्या काळ्या स्वराला सा धरून ते तरुणपणी गायला लागले ते कधी खाली उतरले नाहीत. पट्टी उतरवणं म्हणजे त्यांच्या लेखी म्हातारपणाच्या कागदावर सही करणं. एकदा तर त्यांनी बायकोशी आठवडाभर अबोला धरला होता. तिने तो आनंदाने पाळला आणि आठवड्याअखेर म्हणाली, “अबोल्यात घसा सुधारला बघा.”

ती गेली आणि फळीवरचा रेडिओ मुका झाला. त्याच्या वेळेला लावायला घरात कोणी नव्हतंच.

काकांनी तो लावला. आधी खरखर, मग केंद्राची धून, आणि मग पेटीचे सूर. पाठोपाठ त्यांचाच आवाज: दार उघडा...

त्यांनी लगेच ओळखलं. नवा स्टुडिओ झाला तेव्हा आठवण म्हणून केलेलं ध्वनिमुद्रण होतं ते. साथीला पेटीमास्तर होते. पुढे मास्तर वारले, त्यांच्या जागी केंद्राने कोणाला नेमलं नाही, आणि काका सूर धरून ठेवणाऱ्या छोट्या यंत्रावर गाऊ लागले. आजारपणापुरतं शिळं वाढलं तर वाढलं, काकांनी मनात बाईंना माफ केलं. आवाज काय लागला होता! तिसरी ओळ वर गेली ती फांदीवर पाखरू बसावं तशी. ते स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकत राहिले.

दुपारी ते चौकातल्या औषधाच्या दुकानात गेले. तिथल्या गल्ल्याशेजारी रेडिओ कायम चालू असे. औषधवाला त्यांना बघून उठून उभा राहिला.

“या काका! बोला.”

काकांनी घशाकडे बोट दाखवलं आणि कुजबुजले, “बसलाय.”

“आत्ता बसला? सकाळी तर ठणठणीत गायलात की.”

“ते जुनं. आज रजा आहे माझी.”

“छे! मी काय आज ऐकतोय होय तुम्हाला?” औषधवाला गोळ्यांची पट्टी शोधता शोधता हसला. “रोजचंच होतं. तीच पेटी. तो तुमचा पेटीवाला दुसऱ्या ओळीच्या आधी हळूच खाकरतो ना, तोसुद्धा खाकरला. मी बायकोला म्हणतो, माणूस असावा तर असा. रोज त्याच जागी खाकरतो, तालाचा पक्का!”

काकांनी गोळ्या घेतल्या. “रोज?” त्यांनी विचारलं.

“रोज म्हणजे रोज. आम्ही वाटच बघतो त्याची.” मग औषधवाल्याने आवाज खाली आणला. “खोकल्याचं औषध देऊ का त्यांच्यासाठी? माझ्याकडून.”

काका नको म्हणाले.

घर जवळच होतं, पण त्या दिवशी वाट संपता संपेना. मास्तर खाकरले होते ते एकदाच, त्या ध्वनिमुद्रणात. ते रोज खाकरत असतील तर रोज तेच लागत होतं. मग काळी दोनवर जीव तोडून गायलेलं आपलं गाणं जात कुठे होतं? भिंतीला? वाटेतल्या बाकावर ते बसले. फोनवरचे श्रोते एकेक आठवू लागले. ‘काका, तुमचा आवाज म्हातारा होतच नाही.’ ‘काका, दिवसेंदिवस गोड होतोय.’ बायको गेल्यावर तर हे कौतुक वाढलंच होतं, आणि दुःखाने आवाज पिकतो म्हणतात ते खरं असावं, असं काकांनी मनाशी मानून टाकलं होतं. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ते चढत गेले. खाली उभं राहून ‘उतरा’ म्हणणारं माणूस तेवढं उरलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आवाज परत आला. काका नेहमीपेक्षा लवकर केंद्रावर पोचले. इंजिनिअरबाई एकट्याच होत्या, हेडफोनची गुंडाळी सोडवत.

“कधीपासून?” काकांनी विचारलं.

बाईंचे हात थांबले. त्यांनी उगाच “काय कधीपासून?” असं विचारलं नाही, एवढं काकांना बरं वाटलं.

“वहिनी गेल्या, तुम्ही परत कामावर आलात, त्या आठवड्यापासून.”

“का?”

“तुमचा वरचा सूर फाटत होता, काका. म्हणजे आधीपासूनच, पण त्या आठवड्यात फारच. लोकांचे फोन यायचे, काका रडतायत का म्हणून. साहेब म्हणाले, गाणं काढून टाका, नुसतं बोलू दे त्यांना. मी म्हटलं, थोडे दिवस द्या, मी करते काहीतरी.” बाईंनी आवाजांचं मिश्रण करायच्या टेबलावरच्या दोन खटक्यांकडे बोट केलं. “तुमचा माइक ज्याने बाहेर जायचा तो मी गाण्यापुरता बंद ठेवायचे आणि दुसऱ्याने जुनं ध्वनिमुद्रण सोडायचे. तुमच्या हेडफोनमध्ये तुम्हाला तुमचंच ऐकू यायचं. मला वाटलं, आठवडाभराचा प्रश्न आहे.”

“आठवडा बराच लांबला.”

“तुम्ही रोज इतके खुशीत बाहेर यायचात.”

“कोणाकोणाला माहीत आहे?”

बाई पुन्हा हेडफोनची वायर सोडवू लागल्या. म्हणजे सगळ्यांना. साहेबांना, हिशेबनिसाला, चहा आणणाऱ्यालाही. परवा-परवापर्यंत जो ‘वा काका!’ म्हणून कप ठेवून जायचा, त्यालाही.

“म्हणजे दोन वर्षं मी गातोय आणि ऐकत कोणीच नाही.”

“मी ऐकत होते,” बाई म्हणाल्या. “माझ्या कानात चालूच ठेवायचे मी तुमचा माइक.”

“कसं होतं?”

“खरं सांगू?”

“आता तरी.”

“वाईट होतं. काही दिवस तर मी हेडफोन काढून ठेवायचे.”

“मग सांगायचं नाही का, बाई? एवढी वर्षं शेजारी बसतेस!”

“सख्ख्या बायकोने सांगितलं तर तुम्ही आठवडाभर बोलला नाहीत तिच्याशी. सगळ्या केंद्राला ठाऊक आहे ते. मी कोण लागून गेले होते?”

काकांनी कोट खुंटीला अडकवला, आत जाऊन खुर्चीत बसले आणि सुराचं यंत्र पुढ्यात ओढलं. काळी दोनवरचा काटा त्यांनी मागे घेतला. पांढरी एकवर आणला. यंत्रातून निघालेला सूर त्यांना परक्याच्या घरासारखा वाटला, खाली आणि रुंद. त्यांनी तोंडातल्या तोंडात पहिली ओळ म्हणून पाहिली. ती पोचत होती.

मग त्यांनी काचेकडे बघितलं. “आज माझा माइक सोडायचा.”

बाईंचा आवाज छोट्या कर्ण्यातून आला. “साहेब मला कच्ची खातील.”

“खाऊ दे. मीठ मी पुरवतो.”

तांबडा दिवा लागला. केंद्राची धून संपली. काकांनी श्वास घेतला आणि गायला सुरुवात केली. मागे पेटी नव्हती, कोणी खाकरलं नाही. आवाज जाडसर झाला होता, कडांना थोडा फुसकाही, आणि तिसऱ्या ओळीत तो वर गेला तो हळू, कठडा धरून, पण गेला. चाल त्यांनी बांधली तेव्हा तिच्यात घाई होती. आता ती घाई गेली होती आणि शब्द ऐकू येत होते. काचेपलीकडे बाईंनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले होते. गाणं संपलं तेव्हा त्यांनी मान हलवली. एकदाच, पण ती खरी होती.

काकांनी नमस्कार केला. हवामान वाचलं, वाढदिवस वाचले, हरवलेल्या छत्रीचं वर्णन वाचलं. पाठीवर कोणीतरी हात ठेवावा तसं त्यांना वाटत होतं. मग फोन सुरू झाले.

पहिला फोन शिवणवाल्या ताईंचा. त्या मशीनवर बसल्या बसल्या रोज लावत, त्यांची ओळख सांगायची गरज नसे.

“काका, बरे झालात का? आठवडाभर चुकल्यासारखं झालं हो.”

“बरा आहे, ताई. काय ऐकवू?”

“ऐकवायचं मग बघू. आधी मला सांगा, आज तो कोण उभा केला होतात?”

“कोण म्हणजे?”

“गाण्याला हो! आजारी होतात तर जुनं काहीतरी लावायचं. असं कोणालाही बसवायचं नाही तुमच्या जागेवर. वाईट नव्हता बिचारा, पण तुमची सर आहे का त्याला?”

काचेपलीकडे बाईंनी खटक्याकडे हात नेला होता. काकांनी मान हलवून त्यांना थांबवलं.

“ताई, मीच होतो तो.”

पलीकडे मशीन थांबलं. मग ताई खळखळून हसल्या. “चला! तुमची चेष्टेची सवय काही जात नाही. रोज ऐकते मी तुम्हाला, काका. तुमचा आवाज मला ओळखू येणार नाही?”

“तसं नव्हे, खरंच—”

“असू दे, असू दे. त्याला माझ्याकडून सांगा, मन मोठं करून सांगा, की दुसरीकडे बघ बाबा. आणि उद्या तुम्ही गा.”

“सांगतो,” काका म्हणाले, आणि ताईंच्या आवडीचं एक गाणं लावलं.

त्यानंतर आणखी फोन आले. तेच, कमी-जास्त शब्दांत. एकाने तर विचारलं की हा मुलगा कोण, साहेबांचा नातेवाईक का.

कार्यक्रम संपला तेव्हा साहेब दारातच उभे होते. वयाने मुलासारखे, स्वभावाने वाईट नाहीत. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. “काका, आजचं झालं ते झालं. उद्यापासून पूर्वीसारखं. लोकांना तुमचा आवाज हवाय.”

“माझा कुठे हवाय?” काका म्हणाले. “ते लावायचं नाही. मी इथे असेपर्यंत तरी नाही.”

“आणि आजचं परवडणार नाही, काका. फोन बघितलेत ना?”

“बघितले. मग दोन्ही नको.”

साहेबांना वादाची तयारी करून यावं आणि समोरचा उठून जावा तसं झालं. ते “विचार करा” म्हणाले आणि निघून गेले.

काका कोट घालत होते. इंजिनिअरबाई आत आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. त्या काहीतरी चांगलं बोलणार होत्या हे दिसत होतं. काकांनी कोटाची बटणं लावायला घेतली, तशी त्या कामाचंच बोलल्या.

“मग उद्या धून संपल्यावर काय लावू?”

“काही नको. सरळ नमस्कार.”

“गाण्याची जागा रिकामी राहील की. काय भरायचं तिथे?”

काकांनी शेवटचं बटण लावलं.

“हवामान जरा सावकाश वाचीन,” ते म्हणाले.