गच्चीवर कोणी दिसू नये

पाहुण्यांनी गच्चीवर जायला बंदी केली आणि आमच्या लाँड्रीचं पार वाटोळं झालं. ओल्या चादरी स्वयंपाकघरात वाळत घालून दाखवा म्हणावं एकदा! कुबट वास सुटतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि बोलणी मी खाते.

पाहुणे म्हणजे परदेशी फौज. मोठ्या साहेबांना, म्हणजे आमच्या हुकूमशहाला, हाकलून आमचं भलं करायला आलेली. हे नाव गल्लीनेच ठेवलंय, कारण जायचं नाव घेत नाहीत.

तरी उगाच कशाला खोटं बोलू? माझ्या दादाला तुरुंगातून त्यांनीच सोडवलं. मोठ्या साहेबांविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून त्याला नेलं होतं. परत आला तेव्हा हाडांचा सापळा, आणि बोटांना नखं नव्हती.

त्याआधी दोनदा आईने त्याला वाचवलं होतं. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांच्या गाड्या दिसल्या की ती धोपटणं उचलून पत्र्याच्या टबावर बडवायची. धोबिणीच्या बडवण्याचा कोणाला संशय येणार? आवाज ऐकला की गल्लीतले पुरुष जिन्याने वर, आणि गच्च्यांवरून पलीकडच्या रस्त्यावर पसार. मोठ्या साहेबांचे ढेरपोटे शिपाई जिने चढायच्या भानगडीत पडतच नसत. तिसऱ्या वेळी मात्र आई दवाखान्यात होती. ते तिच्या मनाला फार लागलं होतं.

जेवताना आमचं रोज वाजायचं.

"तेव्हा निदान चादरी उन्हात वाळायच्या," मी म्हणायचे.

"आणि तेव्हा मी कुठे वाळत होतो गं?" दादा म्हणायचा. "आता पळापळ संपली. दार उघडायचं, ओळखपत्र दाखवायचं, बस्स."

डोक्यावर हेलिकॉप्टर घरघरायचं. आई घास हातात धरून छताकडे बघत राहायची.

रोज भोंग्याची गाडी फिरायची. "गच्चीवर कोणी दिसू नये. दिसल्यास शत्रू समजला जाईल." बोलणाऱ्याचे उच्चार असे वेडेवाकडे, की दादा त्याची हुबेहूब नक्कल करायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

त्या सकाळी मी इस्त्री करत होते. दादा अनवाणी बसून चहा पीत होता. आई मागे खिडकीशी कपडे धूत होती. पाहुण्यांच्या गाड्या गल्लीत वळल्या आणि टब वाजला. धाड, धाड, धाड.

दादाच्या हातातली कपबशी खाली पडली.

"दादा, थांब! अरे, हे ते नाहीत!" मी जीव खाऊन ओरडले. पण तो केव्हाच जिन्यावर होता. आयुष्यभर त्या आवाजाला त्याचे पायच उत्तर देत आले होते. मी मागे धावले, तेवढ्यात हेलिकॉप्टर खाली आलं आणि वरून गोळ्यांचा कडकडाट झाला. खाली आई बडवतच होती.

नंतर त्यांचा अधिकारी दुभाष्याला घेऊन आला. दुभाष्या मान खाली घालून म्हणाला, "साहेबांना वाईट वाटतंय. पण सूचना दिली होती."

दिली होती ना! आम्ही हसलो होतो तिला.

दादाला आम्ही एका अर्धओल्या चादरीत गुंडाळलं. कुबट वास येत होता तिला. मला त्याचाच राग येत राहिला.

आईने धोपटणं अजून सोडलेलं नाही. मांडीवर घेऊन बसते आणि दर थोड्या वेळाने माझा पदर ओढते.

"या वेळी मी घरीच होते," ती म्हणते. "वेळेवर वाजवलं ना गं मी?"

"हो आई," मी म्हणते. "अगदी वेळेवर."