मृताशी नातं

डुफीनं ऑनलाइन बुकिंगच्या फॉर्मवर 'मृत व्यक्ती'समोर 'स्त्री' निवडलं आणि 'तुमचं नातं'समोर 'मुलगी'. हिरवी खूण उमटली. मग तिनं वरच्या रकान्यात 'स्त्री'चं 'पुरुष' केलं. खूण हिरवीच राहिली.

"सापडलं," ती फोनवर म्हणाली.

"सुटलो!" न्यार्को कुमासी शहरातल्या अंत्यविधीच्या मैदानाचे व्यवस्थापक होते. "अगं, एका म्हाताऱ्यासाठी दोन मंडप! एक मुलीनं बुक केलेला, एक भाच्यांनी. काळ्या कपड्यांतली माणसं खुर्च्या उगारून भांडत होती. आपल्यात घराणं आईकडून चालतं; बापाचं प्रेत त्याच्या बहिणीच्या पोरांचं, मुलीचं नव्हे, एवढंही तुझ्या फॉर्मला कळत नाही?"

"कळतं, काका. नियम मीच लिहिलाय. पण तो नात्याच्या रकान्यापुरताच आहे. वरचा रकाना नंतर बदलला तर पुन्हा तपासत नाही."

"म्हणजे दाराशी पहारेकरी आणि खिडकी सताड उघडी! बुजव, पोरी. मी फोन धरतो."

शुक्रवार असल्यानं ऑफिस लवकर रिकामं झालं होतं. उद्या शनिवार, अंत्यविधींचा दिवस; प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या अंत्यविधीला जायचं होतं. डुफीचे वडील मात्र पावसाळ्यापासून शवागारात होते. आतेभाऊ बोआतेनला तिनं तारीख विचारली, तेव्हा तो म्हणाला होता, "घरची मंडळी तारीख ठरवायला अजून बसली नाहीत. आणि तू तुझ्या आईच्या घरची."

चाचणीसाठी नाव हवं होतं. तिनं वडिलांचं टाइप केलं: याव अग्येमांग बोआडी. मोकळा शनिवार निवडला, झाडांच्या बाजूची जागा निवडली. 'पाठवा'चं बटण उजळलं. एकदा दाबलं की शनिवार वडिलांचा झाला असता. मग बोआतेनला यावंच लागलं असतं.

"झोपलीस का गं?" न्यार्को काहीतरी चावत म्हणाले.

"एक मिनिट, काका."

तिनं बटणावरून बोट काढलं. नियम एका रकान्यावरून उचलून सगळ्या फॉर्मवर बसवला. पान नव्यानं उघडलं, ते कोरं होतं. तिनं नाव पुन्हा पहिल्या अक्षरापासून लिहिलं. स्त्री, मुलगी, मग पुरुष.

लाल ओळ आली: हे नातं चालणार नाही. बटण विझलं.

"झालं."

"नीट तपासलंस ना? कुणाचं नाव घालून?"

"असंच, कुणाचं तरी."

न्यार्कोंनी फोन ठेवला. डुफीनं पान बंद केलं नाही.