दंडावरचा लाल डाग

मिलच्या गेटसमोर चिंचेखाली सकाळपासून रांग लागायची. सरकारी दवाखान्यातल्या रांगेला नाकं मुरडणारी हीच माणसं इथे चपला काढून, बाही वर करून मुकाट उभी असत.

रांगेच्या टोकाला सुईवाला बाबा बसे. लस टोचलेल्या जागेवर तो पांढरी भभूत चोळायचा, मग कमंडलूत बुडवलेलं पिवळं कापड त्यावर दाबून धरायचा. तोंड चालूच असे. "सुई का जहर, कपडे में उतर. कंपनी का पाप, कंपनी में जा." जहराला कंपनीचा पत्ता तोंडपाठ असावा. कापड उचललं की दंडावर लालभडक डाग दिसे आणि बघणारे हात जोडत.

या बाबाला भक्त मीच मिळवून दिले, हे आधी कबूल करतो. मी केवलराम, गोंदियाजवळच्या या राईस मिलचा टाइमकीपर. बावीस सालच्या पावसाळ्यात शेठजींनी फर्मावलं, कोरोना लशीचा बूस्टर डोस घेतल्याचा कागद दाखवल्याशिवाय कोणाला आत घेऊ नको. मी नोटीस डकवली आणि मोकळा झालो. आधीचे दोन डोस असताना तिसरा कशाला, हमालांनी विचारलं. मी नोटिशीकडे बोट दाखवलं. काही जण धानाच्या रोवणीचं निमित्त करून गावी गेले. उरलेल्यांनी पोटासाठी सुई घेतली आणि जिवासाठी बाबाचे पाय धरले.

शामकलाबाई त्यांतलीच. पटांगणात धान वाळवणारी. तिचा नवरा बकाराम आमच्याकडेच हमाल होता. आदल्या वर्षी लस घेतल्यावर सहाव्या दिवशी तो कोरोनानं गेला. बाबानं ते हेरलं आणि भर रांगेत तिला सुनावलं, "तेरे आदमी का जहर किसी ने नहीं निकाला." तेव्हापासून तिनं जेवण टाकलं. ती रोज दंड पुढे करायची. चौथ्या दिवशी तिथली कातडी सोलून निघाली होती.

मी दवाखान्यात चल म्हणालो, तर ती म्हणाली, "ते नाई म्हणत होते, भाऊ. मीच ओढून नेलं त्यायले सुईले."

मी तिथून दुलीचंदच्या पानठेल्यावर गेलो. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता तो सहज म्हणाला, "बाबा तंबाखू खात नाई, पान खात नाई. मंग रोज डबाभर चुना कायले नेते?"

माझ्या डोक्यात उजेड पडला. तसाच जाऊन रांगेत शिरलो आणि दंड पुढे केला. बाबानं भभूत चोळली, कापड दाबलं, उचललं. लालभडक.

"देखो, कितना जहर," बाबा ओरडला.

"बाबाजी," मी म्हणालो, "मी बूस्टर घेतलाच नाही अजून."

रांगेतला एक हमाल म्हणाला, "आमाले गेटवर अडवून राहिला, अन् स्वतः नाई घेतला?" माझी मान खाली गेली. सुईची भीती मलाही होतीच, फक्त मला अडवणारं कोणी नव्हतं. बाबा म्हणाला, ते जुन्या सुयांचं जहर. मग मी दुलीचंदकडून चुना मागवला, गेटजवळच्या एका दगडाला फासला आणि बाबाचं पिवळं कापड त्यावर दाबलं. दगडही लाल झाला. दगडाला कोणती सुई टोचली होती?

शामकलाबाई पुढे आली. तिनं कापड नाकाशी नेलं. "हळद हाये," ती म्हणाली. "लुगड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला का असाच लाल होते. मी रोज पाह्यतो, बापा."

बाबानं झोळी गुंडाळली. कोणी त्याला अडवलं नाही, कारण सगळे शामकलाबाईकडे बघत होते. ती दगडाकडेच बघत होती. "मंग त्यायचं कसं झालं?"

मला आठवत होतं. बकाराम मंगळवारीच खोकत, तापानं फणफणत अर्ध्या दिवसानं घरी गेला होता. मीच सोडलं होतं. सुई त्यानंतरच्या शुक्रवारची. लशीला अंगात काम करायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि रोग तर आधीच शिरला होता. "तू नेलंस म्हणून तो गेला नाही," मी म्हणालो.

तिनं दगडावरची नजर माझ्याकडे वळवली. मग तिनं विचारलं, "हे तुमाले ठाऊक होतं, त तेव्हाच काऊन नाई सांगितलं?"

भभूतीतला चुना आणि कापडातली हळद एकत्र आली की लाल होते, एवढंच त्या बाबाचं दैवत. ते घरोघरी चुलीशी असतं. पण माणसाला शंका असते आणि उत्तर कोणी देत नाही, तेव्हा पहिला बाबा येऊन त्याच्या मनात बसतो. म्हणून चमत्कार दिसला की त्याचा डबा उघडून बघा. आणि हुकूम काढणाऱ्यांनो, आधी समजावून सांगा. मला हे शिकायला एका बाईचा दंड सोलून निघावा लागला, याची लाज वाटते.

सोमवारी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना चिंचेखाली बोलावलं. दोन तास त्यांनी प्रश्नांची उत्तरं दिली. मग सगळ्यांसमोर मी बाही वर केली. शेजारी शामकलाबाई उभी होती, दंडाला पट्टी बांधलेली.

"डोये मिटू नका," ती म्हणाली. "पाहा काय करते ते."