दादाची क्वेरी

संध्याकाळपर्यंत पेपर पाठवायचा होता आणि सर्व्हर काही केल्या हलत नव्हता.

धाकटी लॅबमध्ये सगळ्यांत शेवटी आली, म्हणून तिला ते नाव चिकटलं. अनेक तक्ते जोडून उत्तर काढताना आधी कुठला तक्ता उचलायचा, हे डेटाबेसनं काम चालू असतानाच ठरवावं, अशी तिची पद्धत. छोट्या डेटावर ती झपाट्यानं चालली होती. मोठ्या डेटावरचं मोजमाप तेवढं बाकी होतं, आणि ते पेलेल असं मशीन लॅबमध्ये एकच, हा सर्व्हर.

ते दादाच्या क्वेरीनं, म्हणजे त्यानं डेटाबेसला घातलेल्या एका प्रश्नानं, अडवलं होतं. दादा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सीनियर. वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, म्हणून तो हॉस्पिटलात.

सर्व्हर सांभाळायचं काम धाकटीकडे असल्यामुळे क्वेरी तिला बंद करता आली असती. पण मधेच तोडली की त्याचं सगळं पहिल्यापासून. तिनं फोन लावला, तो वहिनीनं उचलला. ते आत डॉक्टरांशी बोलताहेत, काही निरोप आहे का, असं तिनं विचारलं. आवाज इतका ओढलेला होता की धाकटीला कामाचं बोलवेना. बाबा कसे आहेत एवढं विचारून तिनं फोन ठेवला.

दोघांच्या गाइड असलेल्या मॅडमनी सरळ सांगितलं: तोड, तो पुन्हा लावेल, वर्षभराची मेहनत मातीत घालू नकोस. त्यांचंही खोटं नव्हतं.

धाकटीनं क्वेरी उघडून पाहिली. उत्तरात काहीशे ओळी येतील असा डेटाबेसनं आधी अंदाज बांधला होता, आणि निघाल्या होत्या कोट्यवधी. हे जन्मात संपणार नव्हतं. तिनं बंद करायची आज्ञा टाइप केली आणि तिचा हात थबकला. दादाचं संशोधनच डेटाबेसच्या अशा फसलेल्या अंदाजांवर होतं. त्याला नेमकं हेच मोजायचं असलं तर?

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय ठरलं?"

"त्याला विचारल्याशिवाय नाही तोडणार, मॅडम."

मॅडम निघून गेल्या. धाकटीनं मोठ्या डेटाचा भाग पेपरातून काढला आणि मुदत संपता संपता उरलेलं पाठवून दिलं.

अंधार पडताना दादाचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. तिनं चाचरत क्वेरीचं विचारलं.

"अगं, ती अजून चालूच आहे? निघायच्या घाईत बंद करायची राहिली. मारून टाक."

तिनं मारली. मग आपलं मोजमाप लावलं. आकडे छोट्या डेटापेक्षाही सरस आले. पण पेपर केव्हाच गेला होता.

काही आठवड्यांनी पेपर नाकारला जाऊन परत आला. मोठ्या डेटावर का तपासलं नाही, हाच आक्षेप. तिनं दादाजवळ त्या दुपारचा विषय काढला नाही. तो मॅडमनी काढला. दुसऱ्या दिवशी दादा आला तो थेट तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बस ना," ती म्हणाली. "बाबा आता नीट जेवायला लागले का?"